गुजरातच्या सहलीत लोथल घ्यावं की धोलावीरा?

सोमनाथ, द्वारका, गीर आणि पांढरं रण एवढं सहलीत बसवून झालं की हडप्पा संस्कृतीच्या वाट्याला जेमतेम एक ठिकाण उरतं. मग लोथल की धोलावीरा? बहुतेक मंडळी याचं उत्तर नकाशावर शोधतात. लोथल अहमदाबादपासून सुमारे 80 किलोमीटरवर आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. धोलावीरा कच्छच्या मोठ्या रणातल्या खडीर बेटावर, म्हणजे मुक्काम आलाच. अंतराचा विचार करावाच लागतो. पण त्याआधी तिथे जमिनीवर काय उरलं आहे आणि ते कसं पाहायचं, हे समजून घेतलेलं बरं. दोन्ही वसाहती पाण्यामुळेच लक्षात राहतात, फक्त एकीला पाणी आयतं येत होतं आणि दुसरीला ते अडवावं लागत होतं.

लोथल आकाराने लहान. एस. आर. राव यांनी 1954 मध्ये ही जागा शोधली आणि पुढची काही वर्षं तिथे उत्खनन चाललं. घरांच्या भिंती आज फार तर गुडघ्याएवढ्या दिसतात. न्हाणीघरं, सांडपाण्याची गटारं, मणी बनवणाऱ्यांची कार्यशाळा असं सगळं अर्ध्या-पाऊण तासात पाहून होतं. खरा वेळ द्यायचा तो पूर्वेकडच्या विटांच्या हौदाला. सुमारे 215 मीटर लांब, 36-37 मीटर रुंद आणि सगळी बांधणी भाजलेल्या विटांची. राव यांच्या मते ही गोदी होती. खंभातच्या आखातात भरतीचं पाणी खूप चढतं. त्या पाण्याबरोबर नावा नदीतून आत येत आणि उत्तरेच्या तोंडातून हौदात शिरत. ओहोटीला सगळं पाणी निघून गेलं तर नावा चिखलात रुतणार. म्हणून दक्षिणेला एक सांडवा काढलेला आहे. त्याच्या भिंतींना खाचा आहेत. राव म्हणतात, त्या खाचांत लाकडी दार बसवून हवं तेवढं पाणी अडवत आणि जास्तीचं सोडून देत. पश्चिमेच्या काठाला लागून वखारीचे चौथरे आहेत, त्यामुळे माल फार लांब वाहून न्यावा लागत नसे.

हे सगळ्यांना मान्य नाही. लॉरेन्स लेश्निक यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा गोड्या पाण्याचा तलाव असावा असं मांडलं. नावा शिरायला वाट अडचणीची आहे, हा आक्षेपही जुना आहे. तरी मला गोदीच जास्त पटते. वखार अगदी काठाला आहे, दगडी नांगर सापडलेत आणि इराणच्या आखाताकडच्या घाटाची एक मुद्राही इथे मिळाली आहे. साबरमती एके काळी लोथलजवळून वाहत होती, याला आयआयटी गांधीनगरच्या 2024 मधल्या अभ्यासानेही दुजोरा दिला. जाण्याआधी हा वाद माहीत असला की काठावर उभं राहून आपणच तर्क लढवता येतात. एरवी समोर दिसतो तो नुसता मोठा चौकोनी खड्डा.

धोलावीराला बारमाही नदी नाही, पाऊस तुटपुंजा आणि भोवती खारं रण. असतात ते मानसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे, शहराच्या दोन बाजूंनी वाहणारे. अशा जागी माणसं दीड हजार वर्षं टिकली ती उतारामुळे. शहराच्या आवारात जमिनीची पातळी सुमारे 13 मीटरने उतरते. ओढ्यांवर बांध घालून पाणी आत वळवलं आणि तटाच्या आतून एकाखाली एक तलाव ओळीने खोदले. वरचा भरला की पाणी खालच्यात उतरत असे. बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा तलाव 73 मीटरहून लांब, 29 मीटर रुंद आणि 10 मीटर खोल आहे, आणि त्यात उतरायला पायऱ्या आहेत. दक्षिणेचे काही तलाव थेट खडकात कोरलेले आहेत. बालेकिल्ल्यात पडणारं पावसाचं पाणीही वाया जाऊ दिलं नाही, त्यासाठी दगडी नाल्या बांधल्या. त्यांतल्या काहींतून माणूस वाकून चालू शकतो.

धोलावीराला थेट बालेकिल्ल्यावर चढण्याची घाई करू नये. आधी पूर्वेच्या तलावाकडे जावं, मग वर चढावं. वरून बालेकिल्ला, मधलं नगर आणि खालचं नगर असे तीन भाग ओळखू येतात आणि बांधकाम विटांपेक्षा दगडाचं का, हेही आसपासचा खडक पाहून उमगतं. उत्तरेच्या दरवाजाजवळ दहा मोठ्या चिन्हांची पाटी सापडली होती. ती लिपी अजून वाचता आलेली नाही. जागा जगत्पती जोशी यांनी 1960 च्या दशकात शोधली आणि मोठं उत्खनन आर. एस. बिष्ट यांनी 1990 च्या सुमारास सुरू केलं. 2021 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

मग निवड कशी करावी? हाताशी एकच दिवस असेल, किंवा बरोबर वयस्कर माणसं आणि लहान मुलं असतील, तर लोथल. धोलावीराला सावली फारशी नाही आणि चढउतार बराच आहे. पण दोन दिवस काढता येत असतील तर मी बेधडक धोलावीरा सांगेन. लोथलला एक वास्तू कळते, धोलावीराला अख्खं शहर कळतं. मुंबईहून कच्छ एक्सप्रेसने भुजला उतरावं. खावड्यावरून रणातून जाणाऱ्या नव्या रस्त्याने तिथून सुमारे 130 किलोमीटर पडतं, पूर्वी रापरवरून मोठा वळसा घ्यावा लागे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. अवशेष सकाळी लवकर पाहावेत, उन्हं चढली की दगड तापतात.

दोन्ही जमणार असेल तर लोथल आधी घ्यावं. तिथल्या संग्रहालयात मणी, वजनं आणि मुद्रा जवळून पाहून घेतल्या की धोलावीराला समजायला सोपं जातं. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तेवढा वार सांभाळून बेत ठरवावा.