मेण खरवडून काय निघतं?

तळोजा फेज वनच्या रस्त्यावर, हातगाडीच्या दिव्याखाली सफरचंदं चकाकत असतात. गिऱ्हाईक एक उचलतं, नखाने साल खरवडतं. नखात पांढरा भुगा येतो आणि निकाल लागतो: 'मेण लावलंय, विष आहे.'

खरं तर सफरचंदाला स्वतःचंच मेण असतं. पॅकहाऊसमध्ये फळ धुताना ते बरंचसं निघून जातं. मग आतलं पाणी उडून फळ सुरकुतू नये म्हणून वरून पातळ थर दिला जातो. आपल्याकडे त्यासाठी मधमाश्यांचं मेण, ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण आणि बांगड्यांत वापरतात तीच लाख चालते. तसं लेबलवर छापणं बंधनकारक आहे. हातगाडीवर ते लेबल कुठे दिसतं म्हणा! द्राक्षावरची पांढुरकी झाक हेही वेलीचंच मेण. लोक तिला फवारणी समजून चोळचोळून धुतात.

काळजी करायची ती फवारलेल्या औषधाच्या, नखात न येणाऱ्या अंशाची. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांना थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक लावून पाहिलं. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम खायचा सोडा घालून फळं १२ मिनिटं बुडवली, तेव्हा सालीच्या पृष्ठभागावरचा अंश साध्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगला निघाला. पण २४ तासांत त्या औषधाचा सुमारे २० टक्के भाग फळात मुरला होता. तिथे ना सोडा पोचतो, ना नख.

महाराष्ट्राने हा धडा २०१० मध्ये घेतला. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचं 'लिहोसिन', युरोपात गेलेल्या द्राक्षांत सापडलं आणि माल अडकला. हे कीटकनाशक नव्हे, वाढरोधक. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटींचा जोर आवरून घड धरावेत म्हणून ते फवारलं जाई. फळ हाती येतं फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे ज्या घडाचा तेव्हा पत्ताही नव्हता, त्यात औषध वेलीच्या आतून उतरलं होतं. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम.

निर्यातीच्या बागांची 'ग्रेपनेट' या ऑनलाइन यंत्रणेत नोंद होते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि पुण्याजवळच्या मांजरी इथलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यावर लक्ष ठेवतं. तळोज्याच्या हातगाडीवरच्या घडासोबत मात्र कुठल्या बागेची चिठ्ठी येत नाही.