झिजणारी पुळण आणि मर्यादवेल : दूरच्या मित्रासाठी छायाचित्रे घेताना

कोकण किनाऱ्यावर पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या पट्ट्याच्या, वरच्या कडेला पसरणारी मर्यादवेल ही रताळ्याची जवळची नातलग असून, तिच्या पेरापेरांतून फुटणारी मुळे वाऱ्याने उडणारी वाळू जागच्या जागी धरून ठेवतात. तिची जांभळट गुलाबी, नरसाळ्याच्या आकाराची फुले सकाळी उमलतात आणि दुपारनंतर मिटू लागतात. म्हणून कॅमेरा वाळूला जवळजवळ टेकवून, सकाळच्या तिरप्या उन्हात टिपलेल्या छायाचित्रातच फुलाच्या घशातील गडद रंग आणि टोकाशी दुभंगलेली जाड पाने खऱ्या अर्थाने दिसतात.

किनाऱ्याची झीज टिपणे मात्र अधिक कठीण आहे, कारण पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीवरची वाळू उथळ समुद्रात ओढून नेतात आणि पावसाळा सरल्यावर संथ लाटा त्यातील बरीचशी वाळू परत आणून टाकतात. त्यामुळे जुलैतील एका छायाचित्रावरून किनारा कायमचा खचला असे ठरवणे जितके चूक, तितकेच फेब्रुवारीतील रुंद पुळण पाहून निर्धास्त होणेही चूक ठरते. दरवर्षी त्याच महिन्यात, भरती-ओहोटीच्या त्याच वेळी, त्याच जागेवरून आणि चौकटीत एखादा न हलणारा खडक ठेवून घेतलेली छायाचित्रेच तुलनेस योग्य होत. ज्या मित्राचे बालपण त्या पुळणीवर गेले, त्याला फुलांसोबत लाटांनी कापलेल्या वाळूच्या कड्यावरून लोंबणारी वेलीची उघडी मुळेही अवश्य पाठवावीत, आणि प्रत्येक छायाचित्राखाली तारीख, वेळ व दिशा नोंदवावी.