विश्लेषण : फुटपाथला घासलेले अलॉय व्हील दुरुस्त करावे की बदलावे?

मॉलच्या तळघरातील पार्किंगचा गोल उतार, सोसायटीचे अरुंद फाटक किंवा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा उंच फुटपाथ. चाक कडेला लागते, ‘खर्र’ असा आवाज येतो आणि नव्या गाडीच्या चकचकीत अलॉय व्हीलवर पांढरा ओरखडा उमटतो. बहुतेक वेळा हे नुकसान दिसण्यापुरतेच असते. पण त्याच ओरखड्याआड बारीक तडा असेल आणि तो पुट्टी-रंगाखाली झाकला गेला, तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही.

डावेच चाक का घासते?

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजवीकडे बसतो. म्हणजे फुटपाथ त्याच्या नजरेपासून सर्वात लांब. शिवाय डावीकडे वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेवरून जात नाही, ते आतून जाते. त्यामुळे पुढचे चाक सुटले तरी मागचे डावे चाक कोपऱ्याला घासते.

दुसरे कारण टायरचे. १६५/८० आर १४ या मापाच्या टायरची उभी भिंत १३२ मिलिमीटरची असते. २०५/५५ आर १६ मध्ये ती सुमारे ११३ आणि २१५/४५ आर १७ मध्ये सुमारे ९७ मिलिमीटर उरते. रिम मोठी आणि टायर बसका हे दिसायला छान, पण रिम आणि दगड यांच्यामधली रबराची उशी तेवढी कमी होते. हौसेखातर एक-दोन इंच मोठी रिम बसवून घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करायला हवा.

ओरखडा, टक, वाक आणि तडा

पूर्वीची लोखंडी रिम वाकली की टायरवाला ती हातोड्याने ठोकून सरळ करत असे. अलॉय व्हील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, बहुधा साच्यात ओतून केलेले असते. ते हलके असते, पण ठोकून सरळ करण्याच्या कामाचे नाही. फार वाकवले की तडकते.

म्हणून दुरुस्तीच्या दुकानात पहिला प्रश्न रंगाचा नसावा. टायर उतरवून रिम आतून-बाहेरून धुवावी, बॅलन्सिंग मशिनवर फिरवून ती डुगडुगते का ते पाहावे. तड्याची शंका असेल तर लाल रंगाचे भेदक द्रव लावून पुसतात आणि वर पांढरे डेव्हलपर मारतात. तडा असेल तर त्यात मुरलेला लाल रंग रेघेसारखा वर येतो. गाडी ठरावीक वेगाला थरथरू लागली असेल, त्याच चाकातील हवा वारंवार कमी होत असेल किंवा टायरच्या बाजूला फुगा आला असेल, तर नुकसान वरवरचे नाही असे समजावे. फुगा आलेला टायर तर बदलावाच लागतो.

दुरुस्ती कशी होते?

फक्त बाहेरची कड घासली असेल तर काम सोपे आहे. खडबडीत पॉलिश पेपरने टोकदार कडा काढायच्या, मग बारीक पेपर मारायचा, खोल टकेत धातूमिश्रित एपॉक्सी पुट्टी भरायची, त्यावर प्रायमर, रंग आणि शेवटी क्लिअर कोट. ही पुट्टी खड्डा भरते, ताकद देत नाही. हे सांगून काम करणारा कारागीर भरवशाचा.

दोन रंगांची, आरशासारखी चमकणारी ‘डायमंड कट’ चाके मात्र हाताने पूर्ववत होत नाहीत. ती सीएनसी लेथवर चढवून दर्शनी भागाचा पातळ थर कापून काढावा लागतो. प्रत्येक वेळी धातू कमी होतो, त्यामुळे हा उपाय मोजक्याच वेळा करता येतो. वरचा क्लिअर कोट फुटला की ओलावा आणि मीठ आत शिरते आणि कोटाखाली पांढऱ्या बुरशीसारख्या रेषा पसरतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत छोटा ओरखडाही पावसाळ्यापूर्वी बंद करून घेणे त्यासाठीच शहाणपणाचे.

पावडर कोटिंग टिकाऊ असते, पण ते साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत पक्के करतात. चाकाच्या धातूला कारखान्यात उष्णतेनेच ताकद दिलेली असते. भट्टीचे तापमान आणि वेळ सांभाळली नाही किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून रिम सरळ केली, तर ती ताकद घटते. आर्गन वेल्डिंगबाबतही हेच. बाहेरून काम सफाईदार दिसते, पण वेल्डिंगच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो. अनेक कार कंपन्या वेल्डिंग, तापवणे आणि ठोकणे यांना साफ मनाई करतात. स्पोकला, नटांच्या भोकांजवळ किंवा मधल्या भागाला तडा असेल, तर चाक बदलणे हाच मार्ग आहे.

विमा घ्यावा का?

समजा, गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १० हजार रुपये आहे आणि सलग तीन वर्षे दावा न केल्याने ३५ टक्के नो क्लेम बोनस मिळतो आहे. पुढच्या नूतनीकरणाला तो ४५ टक्के, म्हणजे ४,५०० रुपये झाला असता. चार हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा केला, तर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १ हजाराची वजावट जाऊन हाती जास्तीत जास्त तीन हजार येतात आणि बोनस शून्यावर. बोनस संरक्षणाचे जोडकलम घेतले असेल तर गणित वेगळे. चाकच बदलावे लागत असेल तर मात्र दाव्याचा विचार जरूर करावा.

काम झाल्यावर काय पाहावे?

नट बसतात ती जागा आणि रिम हबला टेकते तो भाग कोरा असायला हवा. तिथे जाड कोटिंग राहिले तर ते दाबले जाते आणि नट सैल पडतात. टायर चढवल्यावर बॅलन्सिंग करून घ्यावे, नट टॉर्क रेंचने आवळून घ्यावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासावेत.

काम होईपर्यंत गाडी स्टेपनीवर चालवायची असेल, तर आधी स्टेपनीची हवा पाहावी. ती लहान मापाची असेल तर तिच्यावर वेगमर्यादेचे स्टिकर असते, बहुधा ताशी ८० किलोमीटरचे.