प्रेशर नॉर्मल, तरीही काचबिंदू

काचबिंदू झाला की डोळा दुखतो आणि नजरेपुढे अंधारी येते, हा समज घरोघरी आढळतो. ठणका, लाली, दिव्याभोवती रंगीत वलये ही लक्षणे डोळ्यातल्या द्रवाच्या निचऱ्याची वाट अचानक बंद पडली की दिसतात. बहुतेक काचबिंदू मात्र मुकाट वाढतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. ते थोडेथोडे मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. नजरेत पडलेली भगदाडे मेंदू आजूबाजूच्या दृश्यावरून भरून काढतो. लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये पन्नास रुग्णांना एकाच दृश्याची निरनिराळी चित्रे दाखवली. काळ्या बोगद्याचे चित्र एकानेही निवडले नाही. निम्म्याहून अधिकांना काही भाग धूसर दिसत होता. जवळपास चौथ्या हिश्शाला काही बिघडल्याचे जाणवतही नव्हते. बाजूने येणारी स्कूटर अशा माणसाला काळ्या डागाआड गेलेली दिसत नाही. रस्ता मोकळाच वाटतो आणि ती एकदम पुढ्यात येते.

याहून घातक समज ‘प्रेशर नॉर्मल आहे’ या दिलाशात आहे. नेत्रदाबाची २१ (मिलिमीटर पारा) ही वरची मर्यादा केवळ सांख्यिकीय आहे. त्याखाली नस सुरक्षित, असा तिचा अर्थ नाही. बाल्टिमोरच्या १९९१ च्या पाहणीत काचबिंदूच्या सुमारे निम्म्या रुग्णांचा दाब एका तपासणीत २१ च्या आतच भरला. जपानमधल्या ताजिमी शहरात तर उघड्या कोनाच्या, म्हणजे निचऱ्याची वाट उघडी असतानाही होणाऱ्या काचबिंदूत हे प्रमाण ९२ टक्के निघाले. उलट बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेत दाब जास्त, पण नस शाबूत असलेल्या १,६३६ जणांवर झालेल्या अभ्यासात, उपचार न घेतलेल्यांपैकी फक्त ९.५ टक्क्यांना पाच वर्षांत काचबिंदू झाला. थेंब घेणाऱ्यांत ४.४ टक्क्यांना. २००२ मध्ये आलेल्या याच निष्कर्षांनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या जाडीचे महत्त्व पुढे आणले. हा पडदा पातळ असेल तर दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. नागपूरजवळच्या खेड्यांतल्या पाहणीत त्याची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली; पाश्चात्त्य लोकांत ती साधारण ५४० च्या आसपास असते. म्हणून इथे नुसत्या दाबाच्या आकड्यावर विसंबणे अधिकच धोक्याचे.

‘ओसीटी हे स्कॅन केले की निकाल लागतो,’ हेही अर्धसत्य आहे. १९९१ मध्ये पुढे आलेले हे तंत्र नसेच्या तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजते, पण मोठा मायनस नंबर असलेल्या निरोगी डोळ्यातही रिपोर्टवर लाल रंग उमटू शकतो. हनुवटी टेकवून, दिवा दिसला की बटण दाबायची ‘फील्ड टेस्ट’ दुसऱ्या टोकाला चुकते: हे तंतू ज्यांचे असतात त्या पेशींपैकी पाव ते एक तृतीयांश गेल्यावरच तिच्यात खोट ठळक दिसते. म्हणून नसेचे प्रत्यक्ष निरीक्षण, दाब, निचऱ्याचा कोन, ओसीटी आणि फील्ड एकत्र वाचावे लागतात. मरणाऱ्या पेशी चमकवून दाखवणारी, लंडनमध्ये विकसित झालेली पद्धत अजून संशोधनाच्याच टप्प्यावर आहे.

मोतीबिंदूसारखा हाही ‘पिकू द्यावा’, मग ऑपरेशनने दिसू लागेल, हा समज सर्वांत महागात पडतो. गेलेली नजर परत येत नाही. थेंब, लेझर, शस्त्रक्रिया उरलेली राखतात. स्वीडनमधल्या अभ्यासात दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने उतरला की आजार वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटला. रुग्णाच्या आईवडिलांनी, भावंडांनी आणि मुलांनी त्रास नसतानाही तपासणी करून घ्यावी लागते: रॉटरडॅमच्या पाहणीत रुग्णांच्या सख्ख्या नात्यात आयुष्यभरातला धोका २२ टक्के निघाला, इतर कुटुंबांत २.३ टक्के.