तीन सिलिंडरांची जुनी फटफटी घेतांना

इंग्लंडांत १९६८ सालीं 'ट्रायम्फ ट्रायडेंट' व 'बी. एस. ए. रॉकेट थ्री' या ७४० घन सेंटिमीटरांच्या, तीन सिलिंडरांच्या फटफट्या निघाल्या. बर्ट हॉपवुड व डग हील हे त्यांचे प्रमुख रचनाकार. पुढल्याच वर्षीं होंडाची चार सिलिंडरांची गाडी बाजारांत उतरली आणि या जोडीचें तेज झांकोळलें. तथापि त्यांचा नाद रसिकांस अद्यापि भुलवितो. म्हणूनच खरेदीदारानें सावध असावें, असें आम्हांस वाटतें.

बाहेरच्या चकाकीवर भाळूं नये. सांगाडा व इंजिन यांवरील क्रमांक जुळतात कीं नाहीं, हें प्रथम पाहावें; न जुळल्यास ती दोन गाड्यांची मोडतोड एकत्र बांधलेली असूं शकते. गाडी थंड असतांनाच आपल्यासमक्ष सुरू करवावी. इंजिनांतून तेल टाकींत परततें ना, हें झांकण काढून पाहावें. क्लच कोरडा असल्यामुळें त्यावर तेल झिरपल्यास तो घसरतो. तीन कार्ब्युरेटरांचा मेळ बसविण्यास धीर लागतो. १९७५ च्या सुमाराच्या टी-१६० ला बटणाचा स्टार्टर आहे खरा, परंतु सेवा तीहि तितकीच मागते.

विकत घेणें एका दिवसाचें, बाळगणें नित्याचें. हें घरांतील मंडळींस आधींच सांगून ठेवावें.