स्ट्रिप कुणाची चालवायची?

आपल्या पीसीत बहुतेक वेळा इंटेलचा प्रोसेसर असतो आणि प्रोजेक्टच्या रास्पबेरी पाय ४ वर आर्मचा. मोठा प्रोग्रॅम पायवर कंपाइल करायला फार वेळ लागतो, म्हणून आपण पायसाठीचा कोड पीसीवरच तयार करतो. यालाच म्हणतात क्रॉस-कंपायलिंग.

पुष्कळांना वाटतं, कंपायलर बदलला की काम झालं. पण कंपायलरबरोबर आख्खं वऱ्हाड येतं! असेंब्लर, लिंकर, लायब्ररी बांधणारं 'एआर' आणि तयार फाइलमधली डीबगची माहिती काढून तिचा आकार कमी करणारं 'स्ट्रिप'. ही सगळी टूल्स ग्नू बायनयुटिल्समध्ये मिळतात. पीसीसाठीच्या टूलचं नाव नुसतं 'स्ट्रिप', तर ६४-बिट आर्मच्या टूलचं 'एआर्च६४-लिनक्स-ग्नू-स्ट्रिप'.

पीसीच्या स्ट्रिपला आर्मची फाइल दिली, तर साधारणपणे ती "फाइलचा फॉरमॅट ओळखता येत नाही" म्हणून हात वर करते. तेही अगदी शेवटच्या पायरीवर, सबमिशनच्या आदल्या रात्री!

मग योग्य टूल आपोआप कसं निवडायचं? तीन मार्ग आहेत.

पहिला, ऑटोकॉन्फ. कॉन्फिगर चालवताना 'होस्ट' सांगायचा. इथे होस्ट म्हणजे प्रोग्रॅम जिथे चालणार ते मशीन, आपला पीसी नव्हे. ऑटोकॉन्फ आधी त्या नावाचं टूल शोधतं, नाही मिळालं तर साधं टूल उचलतं. घोळ होतो तो इथेच.

दुसरा, लिनक्स कर्नलची पद्धत. 'क्रॉस-कंपाइल' या व्हेरिएबलमध्ये नावाचा पुढचा भाग एकदाच द्यायचा, मेकफाइल तो प्रत्येक टूलला जोडते.

तिसरा मला सगळ्यात आवडतो : फाइललाच विचारायचं. ईएलएफ फाइलच्या हेडरमध्ये शून्यापासून मोजल्यास १८ आणि १९ क्रमांकाच्या बाइटमध्ये मशीनचा नंबर असतो. ६२ म्हणजे ६४-बिट इंटेल किंवा एएमडी, ४० म्हणजे ३२-बिट आर्म, १८३ म्हणजे ६४-बिट आर्म. छोटी स्क्रिप्ट हा नंबर वाचून बरोबर टूल निवडू शकते.

फक्त एक पथ्य पाळा. हवं ते टूल सापडलं नाही, तर स्क्रिप्टने साध्या टूलवर भागवू नये, तिथेच थांबून स्पष्ट सांगावं. पहिल्या मिनिटाला मिळालेली एरर परवडते हो, पहाटे तीनला मिळालेली नाही!