पांडवकड्याचा खडक वर सरकतो!

पावसाळ्यात पांडवकडा कोसळू लागला की अख्ख्या खारघरचे मोबाइल बाहेर निघतात. सुमारे १०७ मीटर उंचीचा हा धबधबा. जवळ जायला त्या दिवसांत बहुधा बंदीच असते आणि ती पाळावीच. आपल्या प्रयोगाला व्हिडिओही पुरतो. पडत्या पाण्यातल्या एकाच जागी मिनिटभर नजर रोखा, मग पटकन शेजारच्या खडकाकडे बघा. खडक चक्क वर सरकू लागतो!

स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी रॉबर्ट ॲडम्स यांना हेच दिसलं आणि १८३४ मध्ये त्यांनी ते लिहून ठेवलं. मेंदूत खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी वेगळ्या, वर जाणारी टिपणाऱ्या वेगळ्या. एरवी दोघींची बरोबरी. पाणी बघून बघून ‘खाली’वाल्या मंदावतात आणि ‘वर’वाल्यांचं पारडं जड होतं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे, खडक सरकताना दिसतो, पण जागा मात्र सोडत नाही! वस्तू कुठे आहे आणि ती हलतेय का, हे मेंदू बऱ्याच अंशी वेगवेगळं ठरवतो.

यातलं हालचालीचं खातंच बंद पडलं तर? जर्मन संशोधक योसेफ झील आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अशा एका बाईंची हकिकत प्रसिद्ध केली. रंग, आकार त्यांना ठीक दिसत. पण कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी वाटे. कप भरत आलाय, हे कळायचंच नाही. रस्ता ओलांडणं तर महाकठीण: लांबची गाडी एकदम अंगाशी आलेली.

खारघर स्टेशनात शेजारची लोकल सुटली आणि ‘चला, निघाली आपली’ असं वाटलंय ना? खिडकीभर सगळं एकाच दिशेने सरकलं, की मेंदू धरून चालतो, आपणच हललो. प्लॅटफॉर्मवरचा खांब दिसला की भ्रम संपला.

आता आरशासमोर या. आधी आपल्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या. बुबुळं हलताना दिसतात? नाही! नजर उडी मारते तेवढा क्षण मेंदू दृश्य दाबून टाकतो. शेजारी उभ्या माणसाला मात्र ती हलताना स्पष्ट दिसतात. हाच खेळ मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात करा: तिथे चित्र किंचित उशिरा येतं, त्यामुळे स्वतःची बुबुळं हलताना पकडता येतात.